परदेशी कॅप्टनला अमेरिकी एअरलाइन थेट का घेत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ भारतीय नागरिक, वय ४४, आखातातल्या एका एअरलाइनमध्ये एअरबस ए-३२० वर कॅप्टन. अमेरिकेत पायलट कमी पडतात असं सगळीकडे ऐकू येतं, मग तिथली एखादी कंपनी व्हिसा काढून त्याला सरळ का बोलावत नाही?

मी एका अमेरिकी रीजनल एअरलाइनमध्ये, म्हणजे छोट्या शहरांना छोटी विमानं चालवणाऱ्या कंपनीत, पायलट भरतीची कागदपत्रं बघते. तुमच्या भावासारखे अर्ज आमच्याकडे नेहमी येतात आणि त्यातले बरेचसे परत पाठवताना मला खरोखर वाईट वाटतं.

आधी टंचाई कसली ते बघा. २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी शेकड्यांनी पायलटांना मुदतपूर्व निवृत्ती दिली. प्रवासी परतल्यावर या मोठ्या कंपन्यांनी रिकाम्या जागा रीजनल कंपन्यांच्या कॅप्टनांनी भरल्या. छोट्या शहरांची विमानं बंद पडली ती मुख्यतः कॅप्टन नसल्यामुळे. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, व्हायला उड्डाणाच्या तासांची बेरीज करत बसलेली तरुण मुलं तेव्हाही होती. पायलटांची संघटना ‘आल्पा’ तर टंचाईच मान्य करत नाही, आणि बाहेरून पायलट आणायला तिचा विरोध असतो.

आता खरी मेख. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यानंतर कायदा कडक झाला. २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तास. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच नियमांतलं दुसरं कलम फारसं कुणी वाचत नाही: अमेरिकी एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायचं तर मुख्यतः तिथल्याच एअरलाइनच्या सेवेतले १,००० तास गाठीशी हवेत. परदेशी एअरलाइनचे तास त्यात धरत नाहीत. म्हणजे तुमचा भाऊ कितीही वर्षं कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत बसलेला असो, इथे त्याला फर्स्ट ऑफिसरच्या उजव्या खुर्चीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तीही ज्येष्ठता यादीच्या अगदी तळाला. कंपनीला ज्या जागेसाठी माणूस हवाय, ती जागा तो पहिल्या दिवशी भरू शकत नाही. मग वकिलाचा खर्च ती कशासाठी करेल?

लायसन्सचा भाग कष्टाचा आहे, पण पार पडतो. १९४४ च्या शिकागो करारापासून नियम असा की विमानाची नोंदणी ज्या देशात, त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स पायलटकडे हवं. परदेशी लायसन्सच्या आधारावर एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था, जे सहज देते ते फक्त खासगी पायलटचं. त्यावर पगार घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. पूर्ण एटीपीसाठी ठराविक वर्ग आणि सिम्युलेटर, लेखी परीक्षा, एफएएची मेडिकल म्हणजे वैद्यकीय तपासणी, मग प्रात्यक्षिक परीक्षा. शिवाय रीजनल कंपन्या एम्ब्रेअर आणि सीआरजे ही छोटी जेट विमानं चालवतात, त्यामुळे ए-३२० चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवण्याची परवानगी, तिथे कामाचं नाही. नवं करावं लागतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांनी अमेरिकेतच विमान चालवायचं शिक्षण घेतलं होतं. म्हणून परदेशी नागरिकाला असं प्रशिक्षण सुरू करण्याआधी टीएसए या वाहतूक सुरक्षा यंत्रणेकडे बोटांचे ठसे देऊन मंजुरी घ्यावी लागते, मग प्रशिक्षण नुसतं सिम्युलेटरवरचं का असेना.

माणसं अडकतात ती इमिग्रेशनमध्ये. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी त्या कामाला विशिष्ट विषयातली पदवी आवश्यक असावी लागते. पायलटच्या कामाला तशी अट नसते, म्हणून तो रस्ता जवळजवळ बंद. ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांसाठी २००५ पासून ई-३ व्हिसा आहे आणि काही रीजनल कंपन्यांनी त्यावर पायलट आणलेही, पण भारतीय पासपोर्टवर तो मिळत नाही. उरतं ग्रीन कार्ड. कंपनीने स्पॉन्सर करायचं तर आधी जाहिरात देऊन, योग्य अमेरिकी उमेदवार मिळाला नाही हे कामगार खात्याला पटवावं लागतं. काही अनुभवी पायलट ‘राष्ट्रहित’ या आधारावर कंपनीशिवाय स्वतः अर्ज करतात. पण दोन्हीकडे भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. एअरलाइनमध्ये उडवायची वयोमर्यादा ६५. भाऊ आज ४४ चा आहे. हिशेब तुम्हीच करा.

एक गोष्ट मात्र आजच तपासा. रांग नागरिकत्वावर नाही, जन्मदेशावर ठरते, आणि जोडीदाराचा जन्मदेशही धरता येतो. वहिनींचा जन्म आखातात किंवा दुसऱ्या एखाद्या देशात झाला असेल तर सगळं चित्र बदलू शकतं. अर्जदाराला हे आपणहून कुणी विचारत नाही, याचा मला राग येतो.

रस्ता आहे असं इमिग्रेशन वकिलाने सांगितलं, तरच लायसन्सवर पैसे घाला. एफएएची मेडिकल अमेरिकेबाहेरच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडेही होते, ती आधी करून घ्या. तिथे अडलं तर पुढचा सगळा खर्च वाचेल. लेखी परीक्षेचा निकाल पाच वर्षं चालतो. परदेशी लायसन्सच्या पडताळणीचं पत्र मात्र सहा महिनेच चालतं आणि ते मूळ देशाच्या उत्तरावर अवलंबून असतं, म्हणून त्याचा अर्ज प्रात्यक्षिकाची तारीख नजरेत आल्यावरच करावा. आणि काम करायचा हक्क कागदावर हातात पडेपर्यंत भावाने आखातातली नोकरी सोडू नये, भरती एजंट काहीही म्हणो.