गाडीचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी

प्रश्न: माझं वय ३४. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी, हातात ८२ हजार येतात. घरी पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि आई. गृहकर्ज २९ लाख बाकी, हप्ता २७ हजार. घरखर्च ३३ हजार, एसआयपी ३ हजार. सध्या २०१२ची स्विफ्ट डिझेल वापरतो. नव्या स्विफ्टचं वरचं मॉडेल ऑन-रोड ९ लाख ८० हजारांना पडतंय. रविवारी सकाळी गाड्या घेऊन जमणारे आमचे मित्र म्हणतात, तीन सिलिंडरच्या इंजिनाने स्विफ्टची मजाच घालवली, त्यापेक्षा २०२२ची चार सिलिंडरवाली घे. ती ६ लाख ७० हजारांत मिळतेय. नवी घेतली तर १ लाख ८० हजार भरून ८ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी काढावं का? एफडी करायला गेलो तेव्हा बँकेत एक विमा पॉलिसी घेतली; पाच वर्षं दीड-दीड लाख भरायचे, दोन हप्ते भरलेत. साडेतीन वर्षांनी तिचे ९ लाख येतील, तेव्हा कर्ज एकदम फेडून टाकीन. पॉलिसीच्या पानाचा फोटो आणि बँकेतल्या साहेबांचा मेसेज जोडला आहे.

उत्तर: तुमच्या मित्रांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. २००५ साली स्विफ्ट आली तेव्हापासून तिच्यावर जीव टाकणारी मंडळी मी बघतोय. मे २०२४ मध्ये चौथ्या पिढीची गाडी आली आणि के-सिरीजचं चार सिलिंडरचं इंजिन जाऊन झेड-सिरीजचं तीन सिलिंडरचं आलं. ताकद ९० पीएसवरून (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच माप) ८२ वर उतरली. सिग्नलला उभं राहिलं की बारीक थरथर जाणवते, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर ताणली की जुनी जशी मोकळी पळायची तशी ही पळत नाही. ज्याला इंजिनाचा आवाज ऐकत गाडी चालवायची सवय आहे, त्याला हे खटकणारच. पण सहा एअरबॅग आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा, आता सगळ्यात खालच्या मॉडेललाही मिळतात. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी बसते, त्या बापाने आठ पीएसच्या आधी हे मोजावं.

मायलेजचा हिशोब मात्र मनातून काढून टाका. कागदावर २२.३८ चे २४.८० झाले. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर वर्षाला पन्नासेक लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपये. आणि जुन्या गाडीचे ६ लाख ७० हजार मला जास्त वाटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवीच स्वस्त झाली तर चार वर्षं वापरलेलीचा भावही उतरायला हवा.

आता तो फोटो.

तुम्ही लिहिता, पाच वर्षं दीड-दीड लाख भरायचे आणि ९ लाख घ्यायचे. तुम्हीच पाठवलेल्या पानावर, उजवीकडच्या चौकटीत, प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षं छापली आहे आणि पॉलिसीची मुदत २० वर्षं. मुदतपूर्तीची रक्कम २८ लाख, तीही डिसेंबर २०४४ मध्ये. साडेतीन वर्षांनी तुम्हाला ९ लाख कोणीही देणार नाही. तेव्हा तुमच्याकडून सहावा हप्ता मागितला जाईल. ज्या पैशांवर तुम्ही गाडीचं कर्ज फेडायला निघालात, ते पैसे मुळात नाहीतच.

तुम्ही एफडी करायला बँकेत गेलात आणि पॉलिसी घेऊन परत आलात. असं पत्र महिन्यातून एक तरी येतं आणि दर वेळी मला तितकाच संताप येतो. बँकेला त्या दीड लाखांवर कमिशन मिळालं; तुमच्या गळ्यात मात्र दहा हप्ते पडले.

परतावा बघा. दहा वर्षांत १५ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी २८ मिळणार. ‘जवळपास दुप्पट’ ऐकायला छान वाटतं. वर्षाला ते ४ टक्के पडतात. हेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून आणखी दहा वर्षं तिथेच ठेवले असते, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी ४४ लाखांच्या आसपास झाले असते.

‘पण तीन लाख भरलेत, ते बुडतील’ असं तुम्ही म्हणाल. धरून चालू की सगळे बुडाले, एक रुपया परत आला नाही. तरीही उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये भरलेत तर २०४४ मध्ये ३३ लाखांच्या जवळ पोचता. पीपीएफचं व्याज घसरून ६ टक्क्यांवर आलं तरी तुमच्या पॉलिसीशी बरोबरी होते. म्हणून डिसेंबरचा तिसरा हप्ता भरू नका.

आणि सगळे बुडणारही नाहीत. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकलेल्या अशा पॉलिसींना पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तरी वर्षानंतर सरेंडर करून, म्हणजे पॉलिसी मधेच सोडून, काही रक्कम मिळते. तुमची डिसेंबर २०२४ ची आहे. आज सोडली तर किती मिळतील आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू ठेवली, तर शेवटी किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. तोंडी ऐकू नका. त्या साहेबांनी ‘५ वर्षं भरा, ९ लाख घ्या’ असं व्हॉट्सॲपवर लिहून दिलंय, हा तुमच्या हातातला पुरावा आहे; तो जपून ठेवा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालांकडे जा. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे आणि फी लागत नाही.

पण त्याही आधीचं काम वेगळं आहे. या पॉलिसीत तुमच्या जिवाची किंमत १५ लाख धरली आहे आणि तुमच्यावर कर्जच २९ लाखांचं आहे. उद्या काही झालं, तर तुमच्या पत्नीने पंधरा लाख बँकेला दिल्यावरही चौदा लाखांचं देणं उरेल, आणि घरात कमावणारं कोणी नसेल. हे लिहितानाही मला त्रास होतो, पण तुमच्या पत्रात टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या स्वस्त विम्याचा, शब्दही नाही. दीड कोटींचा, साठ वर्षांच्या वयापर्यंतचा शुद्ध टर्म विमा घ्या. तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, वर्षाला वीसेक हजार लागतील, आणि आता त्यावर जीएसटीही नाही. सिगारेट असेल तर फॉर्मवर खरं लिहा. टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच ही जुनी सोडा, मधे एक दिवसही विम्याशिवाय राहू नका. आईसकट सगळ्यांचा आरोग्य विमाही तुमच्या कारखान्याच्या भरवशावर दिसतोय. नोकरी सुटली की तोही सुटतो. स्वतःचा घ्या.

आता तुमची २०१२ची डिझेल. तिची नोंदणी नोव्हेंबर २०२७ पर्यंत आहे, म्हणजे दीड वर्ष हातात आहे. ते १३०० सीसीचं डिझेल इंजिन नीट ठेवलं तर सहज साथ देतं. सस्पेन्शन, क्लच, टायर यांवर तीस-चाळीस हजार घाला आणि चालवा.

८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलंत तर हप्ता १३ हजारांच्या जवळ जातो आणि व्याजच पावणेतीन लाखांच्या वर जातं. तेच १३ हजार आजपासून दर महिन्याला आरडीत टाका. दीड वर्षात सव्वादोन-अडीच लाख जमतील, हातातले १ लाख ८० हजार धरून सव्वाचार लाख झाले. मग मधलं मॉडेल घ्या, वरच्या मॉडेलचे जास्तीचे पैसे बहुतेक पडद्यावर आणि चाकांवर जातात. साडेतीन लाखांचं कर्ज, अकरा हजारांचा हप्ता, तीन वर्षांत मोकळे.

तीन सिलिंडर की चार, हे कोणाला विचारून ठरवू नका. एखाद्या रविवारी मित्राची जुनी आणि शोरूमची नवी, दोन्ही कात्रजच्या जुन्या घाटात चालवा, पत्नी आणि मुलीला मागे बसवून. आणि कंपनीकडून सरेंडरचा लेखी आकडा आला की लगेच मला कळवा.