बेसमेंटमधली मोटर बंद पडून पाणी भरलं तर होम इन्शुरन्सचे पैसे मिळतात का?

मिळतात, पण ते पुराचे मिळतात, मोटरीचे नाही. एवढी गोष्ट कळायला आम्हाला बडोद्यात पाच महिने लागले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संप-पंपासाठी, म्हणजे तळघरातल्या खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या मोटरीसाठी, वेगळं कव्हर घ्यावं लागतं असं कुठेतरी वाचायला मिळतं, ते अमेरिकेचं आहे. तिकडे साध्या होम पॉलिसीत पूर धरतच नाहीत, आणि पंप बंद पडून पाणी उलटलं तर त्यासाठी आणखी एक जोड घ्यावी लागते. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक मजकुराची पॉलिसी आहे. तिच्यात पूर, पाणी तुंबणं, टाकी किंवा पाइप फुटणं हे मुळातच येतं. घराचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, सामानासाठी आपोआप धरतात. फक्त क्षेत्रफळ लिहिताना तळघर सोडू नका.

आमचं घर समा भागात, बाबांनी बांधलेलं. तळघराच्या कोपऱ्यात खड्डा, त्यात पाण्यात बुडून चालणारी सबमर्सिबल मोटर. २०२४ची गोकुळाष्टमी, २६ ऑगस्ट. दिवसभर नुसता कोसळत होता. मग विश्वामित्री चढली. काळाघोड्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट, नदी ३५च्याही वर गेली. गल्लीत पाणी आलं तशी वीज कंपनीने वीज बंद केली. मोटर थांबली आणि फाटकातून आलेलं पाणी जिन्यावरून खाली उतरू लागलं. मी बॅटरी घेऊन वरच्या पायरीवर उभी. रव्याचा स्टीलचा डबा तरंगत येऊन कठड्यावर आपटत होता, टण्, टण्, रात्रभर. वॉशिंग मशीन, फ्रीज, इन्व्हर्टर, गाद्या आणि बाबांची पेटी, सगळं त्या पाण्यात. ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली. तिला टेप लावून फोटो काढले. साडेचार फूट.

क्लेमचा फॉर्म दादाने भरला. 'नुकसानीचे कारण' या रकान्यात लिहिलं, "सबमर्सिबल बंद पडल्याने तळघरात पाणी भरले." झालं! कंपनीचं पत्र आलं की हा यांत्रिक बिघाड, देखभाल नीट नव्हती, दावा नामंजूर. दादाचं म्हणणं, "मी खरं तेच लिहिलं." खरं होतं, पण शेवटचं तेवढंच. वीज आल्यावर गाळ उपसून स्विच टाकला तर तीच मोटर पाणी ओढायला लागली. मग बिघाड कुठे होता? मी व्हिडिओ काढून ठेवला होता. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला क्रमाने लिहिलं: पाणी रस्त्यावरून आलं, त्या पाण्यामुळे वीज बंद केली, वीज नाही म्हणून मोटर थांबली. फाटकापाशी मांडीभर पाण्याचे फोटो लावले, वीज किती दिवस बंद होती त्याचं लेखी पत्र मिळवून जोडलं. जानेवारीत पैसे आले. २ लाख ८० हजार मागितले होते, २ लाख १५ मिळाले. कापलं ते वहिनी शिवणकाम घेते त्या गिऱ्हाइकांच्या कापडाचं. धंद्याचा माल घरच्या पॉलिसीत बसत नाही, त्यावर माझी तक्रार नाही.

नसते आले तर मी अहमदाबादला विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकतात त्यांच्याकडे, जाणार होते. कंपनीला लिहून महिना झाला की तिथे जाता येतं, फी नाही, वकील नाही.

काही एजंट सांगतात की मोटरीचं नावच काढू नका. अजिबात ऐकू नका. नुकसान पाहायला येणारा सर्व्हेयर खड्डा बघतोच, लपवलेलं सापडलं की सगळंच जातं. मोटर लिहायची, पण तिच्या जागी, पाण्यानंतर.

आता हे आधी सांगायला हवं होतं: बाहेर पूर नाही, तुंबलेलं नाही, आणि भिंतीतून वर्षानुवर्षं ओल येतेय, तर काही मिळणार नाही. कोरड्या दिवसांत मोटर शॉर्ट होऊन जळली तर मोटरीचे पैसे नाहीत, आणि तेव्हा खड्डा भरून झालेल्या नुकसानीवर भांडण अवघड आहे. दागिने वेगळे नोंदवावे लागतात. कर्जाबरोबर बँकेने दिलेली पॉलिसी बऱ्याचदा फक्त बांधकामाची असते, काढून वाचा. आणि तुमचा फ्लॅट असेल, बेसमेंट म्हणजे पार्किंग, तर ते सोसायटीच्या पॉलिसीचं काम. गाडी बुडाली तर स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी जाऊन झालेल्या नुकसानीला गाडीच्या पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट हे जोड-कव्हर लागतं.

पाणी ओसरलं की चिखल काढण्याआधी फोटो, आणि त्याच दिवशी कंपनीला फोन. फॉर्म घरात कोणीही भरो, कारणाचा रकाना ज्याने पाणी आत येताना पाहिलं त्याने भरावा. त्या रात्री दादा वर झोपला होता, जिन्यावर मी होते.