डोळे मिटून एका पायावर उभं राहिलं की तोल का जातो? तोल कान सांभाळतो की मेंदू?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की आईला रात्री कूस बदलताना गरगरतं, घरचे अशक्तपणा म्हणतायत आणि कुणीतरी कानाचं असेल म्हणालं. मी सोलापुरात फिजिओथेरपी करतो, असे पेशंट नेहमीच येतात, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. आधी तुमचा प्रश्न, मग आईचं.

तोल हे एकट्या कानाचं पण नाही आणि एकट्या मेंदूचं पण नाही. मेंदूला तीन ठिकाणांहून सतत माहिती येत असते, डोळ्यांकडून, आतल्या कानाकडून आणि तळपाय, घोटे, गुडघे, मान इथल्या स्नायू-सांध्यांकडून. डोळे मिटले की तिघांतला एक गेला, दुसरा पाय उचलला की जमिनीची माहिती निम्म्यावर आली, मग राहिलेल्यांवर सगळा भार पडतो आणि तुम्ही डगमगता. यात काही आजार नाही, डोळे मिटून एका पायावर तरण्याताठ्या माणसाचीही थोड्या वेळात धांदल उडते.

संक्रांतीला आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा माणूस जवळून बघितलाय का? काठी सरळ दिसते पण खाली त्याचे पाय न कंबर एक क्षण गप्प नसतात, काठी जिकडं कलेल तिकडं तो बारीक बारीक सरकत असतो. आपलं शरीर नुसतं उभं असताना हेच करतं. खोटं वाटत असेल तर अनवाणी एका पायावर उभे राहा आणि घोट्याकडं बघा, पुढच्या बाजूच्या दोऱ्या आळीपाळीनं ताणतात, सुटतात, बोटं जमीन धरतात सोडतात, आणि हे तुम्ही ठरवून करत नाही. स्नायू किती ताणलाय ते सांगणाऱ्या नसा जाड आणि वेगवान असतात, सेकंदाला 70 ते 120 मीटर, म्हणून पडायच्या आत सावरता येतं. दुखण्याच्या सगळ्यात बारीक नसा सेकंदाला जेमतेम 1-2 मीटर. करंगळी पलंगाला आपटली की आपटल्याचं आधी कळतं आणि खरी कळ मागून येते ती त्यामुळंच.

आता कान. ऐकण्याच्या भागाला लागूनच तीन अर्धगोल नळ्या आहेत, तिन्ही वेगवेगळ्या दिशांना, आत पाण्यासारखा द्रव. डोकं वळलं की नळी वळते पण द्रव मागं राहतो आणि आतल्या केसांसारख्या पेशी वाकतात, त्यावरून मेंदूला कळतं डोकं कुठं आणि किती वेगानं वळलं. शेजारी दोन छोट्या पिशव्या आहेत, त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे, लिफ्ट वर निघाली किंवा एसटीनं ब्रेक मारला की डोळे मिटलेले असले तरी कळतं ते त्यांच्यामुळं.

ह्याचा एक प्रयोग आत्ताच करून बघा. हेच उत्तर वाचताना फोन डावीउजवीकडं भराभर हलवा, अक्षरं पुसट होतील. आता फोन स्थिर धरा आणि तेवढ्याच वेगानं मान नाही नाही म्हणत हलवा, वाचता येतं की नाही? कान डोळ्यांच्या स्नायूंना सेकंदाच्या शंभराव्या भागात सांगतो की डोकं इकडं गेलं, तुम्ही तिकडं जा. हे कान-डोळ्याचं नातं रॉबर्ट बारानी ह्या व्हिएन्नाच्या डॉक्टरनं कान धुताना पकडलं, थंड पाणी सोडलं की पेशंटचे डोळे एकीकडं झटके मारायचे, गरम सोडलं की उलटीकडं. 1914 चं नोबेल त्याला मिळालं तेव्हा तो रशियात युद्धकैदी होता.

ही सगळी माहिती जुळवायचं मोठं काम लहान मेंदूचं, डोक्याच्या मागं खाली असतो तो. वजनानं पूर्ण मेंदूच्या दहाव्या भागाएवढा, पण मेंदूतल्या निम्म्याहून जास्त चेतापेशी त्याच्यात आहेत.

आता मला खरं बोलायचंय ते हे की आपल्याकडं चक्कर म्हटलं की अशक्तपणा नाहीतर मानेचे मणके, ह्याच्या पुढं कुणी विचारच करत नाही. विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मान खाली घालून बसतात, त्यांना तर डोळे झाकून मणक्यावर ढकलतात. मग महिनोनमहिने चक्करची गोळी. ती गोळी दोनचार दिवस ठीक, पण लांबवली तर मेंदू कानाच्या बिघाडाशी जुळवून घ्यायचं शिकतो ते शिकणंच मंदावतं. नेमकं काय होतं हे विचारलं की अर्धं निदान तिथंच होतं. उन्हाळ्यात उभं राहिल्यावर डोळ्यापुढं अंधारी येत असेल तर रक्त पायाकडं उतरतंय आणि प्रेशर वेळेत सावरत नाहीये, पाणी कमी पडलंय किंवा बीपीच्या गोळीचा डोस बघायला हवा. तोंड धुताना डोळे मिटले की पुढं झोक जातो, अंधारात पाय कुठं पडतोय कळत नाही, असं असेल तर तळपाय बधिर झालेत का बघा, जुन्या शुगरवाल्यांत हे फार असतं.

तुमच्या आईचं वर्णन मात्र तिसरंच आहे. कूस बदलताना, आडवं होताना किंवा माळ्याकडं वर बघताना खोली फिरल्यासारखी वाटते, मिनिटभराच्या आत थांबते, असं असेल तर बहुतेक पिशवीतले खडे सुटून नळीत गेलेत. झपकन आडवं करून डोळ्यांची हालचाल बघितली की कोणता कान ते कळतं, मग डोकं ठरावीक क्रमानं वळवून खडे परत जागेवर आणायचे, एप्ली म्हणतात त्याला, काही मिनिटांचं काम. बहुतेकांना एकदोन वेळांतच उतार पडतो, पुढं कधीतरी परत होऊ शकतं, तेव्हा परत करायचं. व्हिडिओ बघून घरी करू नका, कान कुठला ते ठरल्याशिवाय नाही. कान-नाक-घसा डॉक्टरांना किंवा चक्करचं काम करणाऱ्या फिजिओला दाखवा. तोवर उठताना आधी काठावर बसायला सांगा, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. आणि चक्करीबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसायला लागले, हातपाय लुळा पडला किंवा चालताच येईना, तर हे सगळं सोडा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका. गरगरणं किती वेळ टिकतं आणि कुठल्या कुशीवर जास्त होतं एवढं आईला विचारून इथं लिहा, मी बघतो.