पायातली ताकद गेलेला रुग्ण आला तर

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

कॅज्युअल्टीची ड्यूटी सुरू झाली, म्हणून लिहितोय. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात रुग्ण वाढले, तेव्हा जीबीएस, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोम, हे नाव घराघरांत पोचलं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो हा आजार. पण रुग्ण काही ते नाव घेऊन येत नाही. "जिना चढवत नाही, चप्पल पायातून निसटते, कंबर दुखते," एवढंच सांगतो. कंबरेच्या नादात पेनकिलर देऊन घरी पाठवलं की फसलास. गेल्या दोन-तीन आठवड्यांत जुलाब झाले होते का, ते विचार. तो विसरलेला असतो. बायकोला किंवा आईला आठवतं. मग हातोडी घे, गुडघ्यावर ठोक. रिफ्लेक्स मिळत नसतील, म्हणजे पाय आपोआप उडत नसेल, तर दाखल कर. मिळाले म्हणून निर्धास्त होऊ नकोस, काहींचे सुरुवातीला टिकून असतात.

जुलाबांचं का विचारायचं, ते तू शिकलायस. जुलाब करणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जंतूच्या आवरणातली साखर आपल्या नसांवरच्या गॅन्ग्लिओसाइड या साखरयुक्त स्निग्ध घटकासारखी असते, म्हणून जंतूसाठी बनलेल्या अँटिबॉडीज नसांवरच तुटून पडतात.

पायांपेक्षा मला धास्ती श्वासाची. ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं तरी भुलू नकोस, तो आकडा अगदी शेवटी पडतो. रुग्णाला एका श्वासात मोठ्याने अंक मोजायला लाव. उशीवरून मान उचलायला सांग. घोटभर पाणी दे, ठसका लागतो का बघ. हे सगळं दर दोन-तीन तासांनी पुन्हा, आणि केसपेपरवर वेळेसकट लिही. सकाळी एका श्वासात पस्तीसपर्यंत मोजणारा संध्याकाळी पंधरावर अडकला, तर व्हेंटिलेटर असेल तिथे लगेच हलव. धाप लागायची वाट बघू नकोस. बीपी आणि नाडीही अचानक वरखाली होतात, मॉनिटर लावूनच ठेव.

उपचार दोन: आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या, दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडीज) किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज (रुग्णाच्या रक्तातला द्रव भाग बदलणं), दोन्ही तोडीस तोड. नातेवाईक स्टेरॉइडसाठी मागे लागतील. त्याचा इथे उपयोग नाही. आयव्हीआयजीचा खर्च लाखांत जातो, तेव्हा सरकारी योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करायला लाव. बहुतेक जण पुन्हा चालतात, पण महिने लागतात, हेही त्यांना आधीच सांग.

आणि एकाच विहिरीचं किंवा टँकरचं पाणी पिणारे दोघे असे आले, तर शौचाचा नमुना पाठव आणि आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळव.

तुझा,
सर