चिकूचं ऑपरेशन, ऑगस्टमधली डिलिव्हरी आणि एकच एफडी

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही नागपुरात मानेवाड्यात राहता, बुटीबोरीच्या कंपनीत अकाउंट्सला आहात, हातात महिन्याला 52,000 येतात. घराचा हप्ता 17,500, एसआयपी 5,000, घरखर्च जाऊन सहाएक हजार उरतात. बचत खात्यात 40,000 आहेत, शिवाय 1,80,000 ची एफडी. वहिनींची डिलिव्हरी ऑगस्टमध्ये आहे. आणि घरात चिकू, साडेचार वर्षांची, नसबंदी झालेली फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी). दिवाळीपासून तिच्या शेपटीचे केस जायला लागले, आता कंबरेपर्यंत कातडी दिसते, सारखी खाजवते, मागची जागा सुजली आहे. जानेवारीत भावाकडे पुण्याला गेलात तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी ॲड्रिनलचा, म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या हार्मोन बनवणाऱ्या ग्रंथीचा आजार सांगितला. ऑपरेशनचं एस्टिमेट 68,000, नाहीतर 24,000 चं इम्प्लांट (कातडीखाली सोडायची औषधाची कांडी), जे नागपुरातही बसवता येईल. तुम्ही विचारता: एफडी मोडू, बँकेच्या ॲपवर दिसणारं 80,000 चं पर्सनल लोन घेऊ, की काहीच करू नको? शिवाय, मागच्या वर्षी लसीनंतर तिला उलट्या झाल्या आणि ती घराबाहेर जात नाही, तर यंदाचे लसीचे 3,000 वाचवावेत का?

माझं उत्तर: इम्प्लांट घ्या, तेही बचत खात्यातून. एफडीला हात लावू नका, लोन घेऊ नका, आणि लस चुकवू नका.

सासरे म्हणाले, पाऊण किलोच्या जनावरापायी घर विकाल का. त्यांची काळजी मला कळते, पण प्रश्न वजनाचा नाही. तुमच्या कुर्त्याच्या बाहीत शिरून झोपणारा जीव आहे तो, आणि त्याला सांभाळायचं तुम्ही चार वर्षांपूर्वीच ठरवलंत. आता फक्त कसं आणि कितीपर्यंत, एवढंच ठरवायचं आहे.

पत्र आल्यावर मी माझ्या एका प्राणीवैद्य मैत्रिणीशी तासभर बोलले, कारण आजार समजल्याशिवाय त्याचा हिशेब मांडता येत नाही. नसबंदीनंतर शरीराचा मेंदूला मिळणारा 'आता पुरे' हा निरोप थांबतो. मेंदू हार्मोनचे इशारे पाठवतच राहतो आणि ते झेलून झेलून ॲड्रिनल ग्रंथी वाढते, कधी तिथे गाठ होते. ती ग्रंथी मग इस्ट्रोजेनसारखी लैंगिक हार्मोन्स जास्त बनवते. केस जाणं, खाज, सूज हे सगळं त्यातून येतं. कुत्र्यांना याच ग्रंथीचा कुशिंग नावाचा आजार होतो, त्यात कॉर्टिसोल हे दुसरं हार्मोन वाढतं, फेरेटमध्ये सहसा तसं नसतं. म्हणून तुमच्या एस्टिमेटमधली चौथी ओळ मी पेन्सिलने गोल केली आहे: 'कॉर्टिसोल प्रोफाइल, 4,500'. ही तपासणी चिकूसाठी नेमकी कशाला, हे डॉक्टरांना सरळ विचारा. ती जागा सोनोग्राफीला आणि रक्तातल्या साखरेला द्या.

साखर मुद्दाम सांगते. या वयाच्या फेरेटना स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी गाठ होणं फार आढळतं आणि तिने साखर एकदम खाली जाते. चिकूला दोन्ही आजार असतील तर औषधाचा महिन्याचा खर्च वेगळा, आयुष्याचा अंदाज वेगळा, आणि 68,000 चा निर्णयही वेगळा. घरच्या माणसांच्या ग्लुकोमीटरवर विसंबू नका, तो फेरेटची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तपासण्यांना 5,000 धरा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सोनोग्राफीची चौकशी करून बघा, खासगीपेक्षा स्वस्त पडू शकते.

आता दोन वाटा. ऑपरेशनने गाठ निघते, ही त्याची खरी ताकद. पण डावी ग्रंथी काढणं त्यातल्या त्यात सोपं. उजवी शरीरातल्या सगळ्यात मोठ्या शिरेला, व्हेना केव्हाला चिकटलेली असते आणि तिथे धोका बराच वाढतो. एक ग्रंथी काढल्यावर पुढे दुसरीत तोच आजार उभा राहतो, असंही होतं, आणि तेव्हा पुन्हा इम्प्लांटच लागतं. म्हणजे 68,000 भरले म्हणून खर्च मिटला, असं धरता येत नाही. त्यात पुण्याला गाडीने जाणं-येणं, राहणं, तुमच्या रजा मिळून 12,000 धरा. झाले 80,000.

इम्प्लांट म्हणजे डेस्लोरेलिन, 4.7 मिलिग्रॅमची तांदळाच्या दाण्याएवढी कांडी. खांद्यांच्या मधोमध कातडीखाली मायक्रोचिपसारखी सोडतात. मेंदूकडून येणारे इशारे ती बंद पाडते. पहिले काही दिवस लक्षणं थोडी वाढू शकतात, घाबरू नका. सूज आणि खाज काही आठवड्यांत उतरते, केस यायला जास्त वेळ लागतो. गाठ आतच राहते, हे मात्र नीट समजून घ्या. परिणाम साधारण आठ महिने ते दीड वर्ष टिकतो, मग नवीन कांडी.

फेरेट सहा ते आठ वर्षं जगतात, म्हणजे चिकूपुढे दोन-तीन वर्षं धरू. तेवढ्यात दोन-तीन इम्प्लांट, 48,000 ते 72,000. एकूण आकडा ऑपरेशनच्या जवळपासच जातो. फरक असा की हा पैसा तुकड्यातुकड्याने लागतो आणि प्रत्येक तुकड्याआधी चिकूकडे बघून पुन्हा ठरवता येतं. ऑगस्टमध्ये बाळ येणाऱ्या घरात या सवडीचं मोल मोठं आहे.

तुमचाच हिशेब मांडते. 40,000 मधून तपासणी 5,000 आणि इम्प्लांट 24,000, उरले 11,000. मार्च ते ऑगस्ट सहा महिने सहा-सहा हजार, म्हणजे 36,000. त्यातून लस 3,000 आणि तीन महिन्यांचं एसीचं जादा बिल 10,500 (ते का, पुढे सांगते) वजा करा. ऑगस्टअखेर हातात 33,500 आणि एफडी जशीच्या तशी. सिझेरियन झालं आणि हॉस्पिटलने सांगितल्याप्रमाणे 1,10,000 लागले, तरी कंपनीची पॉलिसी 50,000 देते. एफडीतून 60,000 गेले तरी बाळासाठी 1,20,000 मागे राहतात. ऑपरेशनच्या वाटेने तपासण्या धरून 85,000 जातात: बचत खातं शून्यावर, एफडीतून 45,000 काढावे लागतात, वर मुदतीआधी मोडल्याचा दंड. बाळाला चार दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर? अशा वेळी रात्री अकराला पैशांसाठी कुणाला फोन करायची पाळी तुमच्यावर येऊ नये.

लोनचं तर विचारूच नका. 80,000 वर 14 टक्क्यांनी दोन वर्षांचा हप्ता 3,840 च्या आसपास बसतो, व्याजच 12,000 च्या वर. म्हणजे अर्ध्या इम्प्लांटचे पैसे बँकेला. त्यापेक्षा मार्चपासून 2,000 ची आरडी लावा (वरच्या सहा हजारांतूनच). वर्षभरात पुढच्या इम्प्लांटचे 24,000 तयार.

मेलाटोनिनच्या गोळ्या स्वस्तात मिळतात आणि केस येतात, असं कुणी तुम्हाला सांगितलं. केस येतात हे खरं. पण गाठ तिथेच वाढत राहू शकते, आणि अंगावर केस आले की माणूस निश्चिंत होतो. डॉक्टर जोड म्हणून देत असतील तर घ्या, उपचार म्हणून नको.

पेट इन्शुरन्सच्या मागे वेळ घालवू नका. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी कुत्र्या-मांजरांपुरत्या, आणि आधीपासूनचा आजार कुणी घेत नाही. आरोग्य विम्यावरच्या आयकर सवलतीतही प्राण्याचा खर्च बसत नाही.

उन्हाळ्याचं मात्र तुम्ही लिहिलंच नव्हतं, ते मी हिशेबात घातलं. फेरेटला घाम जवळजवळ येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की ती कोलमडते. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस. कोरड्या उन्हात खसचा कूलर चालतो, पण जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर खोलीचा भट्टीखाना करतो. एसीचे ते 10,500 औषधाइतकेच औषध आहेत. आणि तपासण्या, इम्प्लांट जे काय ते मार्चमध्येच उरका, एप्रिलच्या उन्हात तिला पिंजऱ्यातून फिरवू नका.

आता लस. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली, कारण 3,000 वाचवणं सोपं वाटतं. कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांकडून येणारा विषाणूचा आजार झालेलं फेरेट जवळजवळ वाचत नाही. ती बाहेर जात नसली तरी गल्लीतल्या आजारी कुत्र्याचा विषाणू तुमच्या चपलेवरून, कपड्यांवरून घरात येऊ शकतो. मागच्या वर्षीच्या उलट्या ही लसीची ॲलर्जी असू शकते आणि ती गंभीर होऊ शकते, म्हणून डॉक्टरांना ती आधीच सांगा. ॲलर्जीचं औषध आधी देता येतं. डिस्टेंपर आणि रेबीज एकाच दिवशी नको, मध्ये दोन-तीन आठवडे ठेवा. लसीनंतर निदान अर्धा तास दवाखान्यातच बसा, घाई करून घरी निघू नका. कुत्र्यांची अनेक रोगांची एकत्रित लस सरसकट टोचू देऊ नका, काही जिवंत लसींनी फेरेटला डिस्टेंपरच झालेला आहे. इम्प्लांट आधी, प्रकृती स्थिरावली की लस. तारीख डॉक्टर ठरवतील.

हा सल्ला मी कधी बदलेन? सोनोग्राफीत गाठ मोठी किंवा घातक वाटली, किंवा इम्प्लांटने सहा-आठ आठवड्यांत फरकच पडला नाही, तर ऑपरेशनचं पुन्हा बोलू. त्यासाठी वहिनी आणि तुम्ही आजच जास्तीत जास्त किती खर्च करायचा तो आकडा कागदावर लिहा, डोळ्यांत पाणी नसताना. माझ्या मते तो 50,000 च्या वर जाऊ नये, निदान बाळ घरी येईपर्यंत.

इम्प्लांटचे पैसे देण्याआधी कांडी खरंच मिळणार का, किती दिवसांत, बॅच नंबर आणि एक्सपायरी काय, हे मेसेजवर लिहून घ्या. मिळत नसेल तर ल्युप्रोलाइडचं मासिक इंजेक्शन विचारा, ते माणसांच्या प्रोस्टेट कॅन्सरवर वापरतात. फेरेटला त्यातला अगदी थोडा भाग लागतो, तेव्हा पूर्ण व्हायलचे (बाटलीचे) पैसे लावतात का तेही विचारून घ्या. आणि एक, हे विसरू नका: गरोदर बाईने डेस्लोरेलिन हाताळू नये अशी सूचना औषधावरच असते. कांडी बसवायच्या दिवशी चिकूला धरायला तुम्ही जा, वहिनींना घरी राहू द्या.