आरामात धावतानाही घड्याळ १७० च्या वर हार्ट रेट दाखवतं. मनगटावरचा हा आकडा कितपत खरा मानायचा?

तुम्ही लिहिलंय की वय ४१ आहे, सोबतच्या मित्राशी गप्पा मारत धावता, तरी घड्याळ १७० च्या वर जातं. मग झोन २ मध्ये, म्हणजे सहज बोलता येईल अशा हलक्या व्यायामाच्या हार्ट रेटच्या टप्प्यात, राहण्यासाठी धावणं सोडून चालावं का? चालू नका. या वयात नाडी खरोखर १७० च्या पुढे गेली की बहुतेकांच्या तोंडून हो-नाही एवढंच निघतं, गप्पा होत नाहीत. तो आकडा बहुधा तुमच्या हृदयाचा नाहीच, पायांचा आहे. कसा ते सांगते, पण आधी थोडं घरचं.

मी नर्स. नाडी मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि माझ्या नाडीबद्दल मला अक्कल शिकवली ती आमच्या धाकट्या दिरांनी, ज्यांचा वैद्यकशास्त्राशी संबंध घड्याळ विकत घेण्यापुरता. त्यांनी स्वतःला वरचं मॉडेल घेतलं, जुनं मला दिलं, वर झोनबिन सगळं सेटही करून दिलं. एका सकाळी आम्ही सोबत धावत होतो. पुतण्याच्या अभ्यासावरून मी त्यांना चार गोष्टी सुनावत होते, एका दमात, कुठे न अडखळता. मध्येच त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली आणि ते ओरडलेच, "वहिनी, १७४! थांबा, आहात तिथे थांबा!"

थांबले. डाव्या हाताची तीन बोटं उजव्या मनगटावर ठेवली आणि डोळे त्याच घड्याळाच्या सेकंदांवर. १५ सेकंदांत ३३ ठोके, म्हणजे १३२. थांबल्याबरोबर नाडी उतरायला लागते, तेव्हा धावताना १४० होती असं अगदी उदार मनाने धरा. घड्याळ मात्र अजून १६९ वर अडलेलं होतं, आणि मग एकदम ११८ वर आलं. माणसाची नाडी अशी धपकन पडत नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, बोटांनी मोजण्यात चूक होऊ शकते. यात सेन्सर आहे."

हे वाक्य मला अजून पचलेलं नाही.

घरी पोचेपर्यंत सासूबाईंना कळलं होतं, संध्याकाळपर्यंत नणंदेला. यांनी तर काही न बोलता स्ट्रेस टेस्टची वेळच घेऊन टाकली. वाद घालण्यापेक्षा गेले. छातीवर इलेक्ट्रोड चिकटवताना तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, घड्याळ काढून ठेवता का?" म्हटलं, राहू दे, तो आरोपी आहे. तिला काही कळलं नाही, पण तिने राहू दिलं.

स्ट्रेस टेस्ट म्हणजे ट्रेडमिलवर चालवत काढलेला ईसीजी. तिच्या ब्रूस प्रोटोकॉल नावाच्या ठरलेल्या पद्धतीत दर ३ मिनिटांनी ट्रेडमिलचा वेगही वाढतो आणि चढही. दुसऱ्या टप्प्यात चढ जाणवायला लागला तसा मी समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मॉनिटरवर १२९, मनगटावर ९४. तिसऱ्या टप्प्यात मॉनिटर १४८, मनगट ९७, आणि थोड्या वेळाने आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा. म्हणजे धावताना तीसचाळीस ठोके जास्त आणि दांडा धरल्यावर पस्तीस ते पन्नास कमी. एकाच बाजूला चुकत असतं तर वजाबाकी करून तरी वापरलं असतं.

रिपोर्ट नॉर्मल. त्याबद्दल भाऊजींचं अवाक्षर नाही. घड्याळाबद्दल मात्र, "अपडेट आलं की सुधारेल."

तर असं का होतं. घड्याळामागचे हिरवे दिवे त्वचेत उजेड सोडतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला परत येणारा उजेड किंचित कमीजास्त होतो. हा फरक अगदी बारीक असतो. हात झुलला, घड्याळ सरकलं, की त्या हालचालीची लाट ठोक्याच्या लाटेला सहज गिळते. आता धावताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात. घड्याळातलं गणित लयीत येणारं काहीतरी शोधत असतं आणि त्याला पावलांची लय सापडते. मिनिटाला पडणारी पावलं म्हणजे केडन्स, म्हणून याला धावणारे केडन्स लॉक म्हणतात. तुमचा १७० तिथलाच असावा. पडताळा सोपा आहे: ॲपमध्ये केडन्सचा आणि हार्ट रेटचा आलेख एकाखाली एक बघा. चढावर पावलं मंदावली आणि नेमका तिथेच हार्ट रेटही उतरला असेल, तर निकाल लागला. खरं हृदय चढावर उलट वागतं.

दांडा, डंबेल, सायकलचं हँडल यांवर मूठ आवळली की मनगटातले स्नायू आणि कंडरा ताणले जातात, तिथला रक्ताचा प्रवाह बदलतो, घड्याळाची पाठ त्वचेवरून उचलली जाते. थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मग सिग्नलच फिका. गडद टॅटूवरून तर काही वेळा आकडाच येत नाही. आणि ३० सेकंद जोरात, ३० सेकंद हळू असे इंटरव्हल करत असाल तर मनगटाकडे बघूही नका. नाडी चढून उतरायला लागते तेव्हा कुठे घड्याळ चढायला घेतं.

एक गोष्ट आम्हा नर्सेसना पहिल्यापासून माहीत असते. मनगटावर मोजली जाते ती नाडी, हृदयाचे ठोके नव्हेत. एट्रियल फिब्रिलेशनच्या, म्हणजे हृदयाची लय बिघडून ठोके अनियमित झालेल्या, पेशंटचे ठोके स्टेथोस्कोपने मोजले आणि त्याच वेळी दुसरीने मनगटावर नाडी मोजली तर आकडे जुळत नाहीत, कारण दुबळे ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. धावणारे हार्ट रेटसाठी छातीवर बांधतात तो पट्टा हृदयाचा विद्युत सिग्नल पकडतो, म्हणून तो वेगळ्या जातीचं यंत्र आहे.

भाऊजींनी मला स्टॅनफर्डचा २०१७ चा अभ्यास पाठवला होता. ६० माणसं, ७ घड्याळं, त्यांतल्या ६ घड्याळांचा हार्ट रेट ५ टक्क्यांच्या आत. बघा वहिनी! बघितलं. तो आकडा सगळ्यांचा मिळून आहे, तोही प्रयोगशाळेतल्या ट्रेडमिलवर आणि सायकलवर. एखाद्याचं घड्याळ मध्येच पाच मिनिटं पावलं मोजत बसलं तर सगळ्यांच्या बेरजेत ते कुठे दिसणार? आणि त्याच अभ्यासात खाली लिहिलंय की कॅलरी मोजताना सगळ्यांत चांगलं घड्याळसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्के. भाऊजी रोज जेवणाच्या ताटावर त्याच कॅलरींचा हिशेब करतात. तेवढं पान त्यांनी वाचलेलं नाही.

त्यांचं दुसरं दैवत म्हणजे कमाल हार्ट रेट काढायचं सूत्र, २२० वजा वय. हे सूत्र १९७१ च्या एका लेखातलं, इतरांच्या आकड्यांवरून ढोबळ मानाने काढलेलं. खऱ्या माणसांत कमाल हार्ट रेट त्याच्या वरखाली १०-१२ ठोके सहज असतो. मी तेव्हा ४७ ची, म्हणजे भाऊजींच्याच हिशेबाने माझी कमाल १७३. तरी मी १७४ वर पुतण्याच्या गणिताच्या मार्कांवर बोलत होते! हे त्यांना जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, फिटनेस चांगला असेल तुमचा." घड्याळाने सेट केलेले झोनही बहुतेक वेळा याच वजाबाकीवर उभे असतात, तेव्हा तुमचा झोन २ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हेसुद्धा जरा हलक्यानेच घ्या.

तुम्ही करा एवढंच. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घ्या आणि धावण्यापुरतं घट्ट बांधा. बाकी दिवसभर सैल. सुरुवातीची पाचदहा मिनिटं हळू पळून अंग तापू द्या. तरीही झोनसाठी आकडा हवाच असेल तर छातीचा पट्टा घ्या, आणि लावण्याआधी त्याचे पॅड पाण्याने ओले करा, नाहीतर घाम येईपर्यंत तोही वाट्टेल ते दाखवतो. पट्टा नको असेल तर दंडावर बांधायचे, घड्याळासारखेच उजेडाने मोजणारे ऑप्टिकल बँड मिळतात, ते मनगटापेक्षा बरे. आणि पूर्ण वाक्यं बोलता येत असतील तर तुम्ही हळूच धावताय, हे मी कोणत्याही सेन्सरच्या आधी मानेन. झोपेतला, बसल्या जागचा आकडा मात्र मनगटावर चांगला येतो. तिथे माझी घड्याळाबद्दल तक्रार नाही, आठवडे-महिन्यांचा कल बघायला मीही वापरते.

हे सगळं तुमच्यासारख्यांसाठी, ज्यांना धावताना काही त्रास नाही. छातीत दाबल्यासारखं होत असेल, चक्कर येत असेल, किंवा स्वस्थ बसलेले असताना बोटांनी मोजूनही नाडी जास्त किंवा अनियमित लागत असेल, तर घड्याळाला नावं ठेवत बसू नका, ईसीजी काढून घ्या. बीपीसाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर नाडी मुळातच दाबलेली असते. तिथे ना वजाबाकीचं सूत्र चालतं ना घड्याळाचे झोन, तो आकडा तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.