आमच्या लिनक्स डिस्ट्रोचं टेस्टिंग प्रत्येक कमिटला आपोआप कसं लावायचं? जेनकिन्स की गिटलॅब? मेंटॉर म्हणतात रिलीजआधी हाताने तपासलं की पुरे

कमिट आलं की टेस्ट आपोआप चालवायला जेनकिन्स घ्या नाहीतर गिटलॅब घ्या, तुमच्यात ज्याला जे येतं ते, त्याने फार फरक पडत नाही. पण "हाताने तपासलं की पुरे" हे वाक्य वाचून राहवलं नाही, कारण दादरला आमच्या ग्रुपच्या मीटिंगमध्ये मी यावरून वर्षानुवर्षं भांडलोय.

आम्ही शाळांसाठी डेबियनवरून मराठी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची आपली आवृत्ती, बनवायचो, सगळे नोकरी सांभाळून. रिलीज एका सिनियर सरांकडे. माणूस हुशार, पण टेस्टिंग म्हणजे स्वतःच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावून इन्स्टॉल करायचं आणि एक्सेलमध्ये टिक मारायची. मी म्हणायचो इमेज (इन्स्टॉल करायची अख्खी फाइल) बनली की ती आपोआप क्यूईएमयूमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेल्या नकली पीसीत, बूट होऊ दे, तर म्हणे एवढ्याशा प्रोजेक्टला कशाला. मग एका शाळेच्या लॅबमध्ये गेलो आणि एकही मशीन बूट होईना. सगळी जुनी, लेगसी बायॉसवाली (मशीन सुरू करणारं जुन्या पद्धतीचं फर्मवेअर), आणि आमच्यातल्याच कुणीतरी बिल्ड स्क्रिप्ट आवरताना बायॉसवरून बूट होण्याचा भागच उडवलेला. सरांचा लॅपटॉप यूईएफआयचा, म्हणजे बायॉसच्या जागी आलेल्या नव्या फर्मवेअरचा, त्यांच्या शीटमध्ये सगळीकडे टिक. मुलं बेंचवर बसून होती, बाईंनी खास तास मागून घेतला होता, तो फुकट गेला. त्याचा राग मला अजून येतो.

आणि ही गोष्ट पकडायला काय लागलं असतं? पीसीच्या इमेजला क्यूईएमयू काही न सांगता बायॉसनेच बूट करतं! यूईएफआयसाठी ओव्हीएमएफ फर्मवेअर द्यायचं आणि तीच इमेज दोन्हीकडे चालवायची. कर्नलला सिरियल कन्सोल द्या, म्हणजे त्याचे मेसेज स्क्रीनऐवजी मजकूर म्हणून बाहेर येतात, आउटपुट फाइलमध्ये घ्या, लॉगिन प्रॉम्प्ट आला तर पास, पॅनिक (कर्नलच कोसळला) किंवा टाइमआउट झाला तर फेल, बस. इथूनच सुरुवात करा. रनरवर, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर, केव्हीएम (प्रोसेसरच्या मदतीने क्यूईएमयू वेगात चालवणारी लिनक्सची सोय) मिळतंय ना ते मात्र आधी बघा, नाहीतर सगळं इतकं रखडतं की टेस्ट टाइमआउटनेच पडतात. मी शेवटी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड डेस्कटॉप आणून त्यावर रनर लावला.

इन्स्टॉलर आणि डेस्कटॉपसाठी ओपनक्यूए. ओपनसुसे आणि फेडोरावाले तेच वापरतात, ते कीबोर्ड-माऊस स्वतः चालवतं आणि स्क्रीन आधी साठवलेल्या चित्रांशी, म्हणजे नीडल्सशी, ताडून बघतं. मराठीला हे लागतंच लागतं, कारण बटणावर "पुढच्या"मधला च्या फुटून हलंत दिसतोय हे कुठलीही युनिट टेस्ट सांगणार नाही. नीडलमध्ये अख्खी स्क्रीन घेऊ नका, कामाचा चौकोन तेवढाच घ्या. फॉन्ट अपडेट झाला की नीडल्स नव्याने घ्याव्या लागतात, ते काम कुणाच्या तरी नावावर टाका, नाहीतर कुणीच करत नाही.

मेंटॉरना हेही सांगा की डेबियनकडे तर हाताने तपासायला केवढी माणसं आहेत, तरी तिथे 2018 पासून अनस्टेबल या कच्च्या शाखेतून टेस्टिंग या पुढच्या शाखेत पॅकेज जाताना ऑटोपीकेजीटेस्टचे, म्हणजे पॅकेजच्या आपोआप चालणाऱ्या टेस्टचे, निकाल बघितले जातात.

आता, क्यूईएमयूत वायफाय, सस्पेंड, ग्राफिक्स ड्रायव्हरचे घोळ कळत नाहीत हे खरं. त्यासाठी खरं हार्डवेअर हवं, लिनारोचं LAVA हे टेस्टिंगचं सॉफ्टवेअर बोर्डाची पॉवर बंद-चालू करण्यापासून सगळं करतं, पण ते सेटअप करणं कटकटीचं आहे. तोवर हे एवढं हाताने बघा, इथे सरांचं बरोबर होतं, पण फक्त इथेच.

आणि टेस्ट लाल, म्हणजे फेल, असेल तर मर्ज नाही, मेंटॉरचं कमिट असलं तरी नाही. आमच्याकडे टेस्ट पडली की सर म्हणायचे "परत चालव, कधीकधी पडते." कधीकधी पडते तिथे बरेचदा खरीच रेस कंडिशन, म्हणजे दोन कामांपैकी आधी कुठलं संपतं यावर अवलंबून असलेली चूक, असते, आणि ती हळू मशीनवर जास्त वेळा दिसते, म्हणजे नेमकी शाळेतल्या मशीनवर. परत चालवायची तर चालवा, पण पडलेल्या रनचा सिरियल लॉग आधी बाजूला काढून ठेवा आणि पुढच्या मीटिंगला सगळ्यांसमोर उघडा.